सेल्फ लागत नाही? आधी आवाज ऐका, मग पाना उचला

गेल्या चवथीनंतर मांद्र्याहून मेव्हण्याचा फोन आला. "भावजी, नवी बॅटरी घातली, मोटर रिवाइंड करून आणली, तरी सेल्फ अर्धा फेरा घेतो आणि बसतो. आता काय बदलू?" गाडी म्हणजे पंधरा वर्षांची, दीडशे सीसीची मोटरसायकल. मी म्हटलं, आता काहीच बदलू नकोस, रविवारी येतो. रविवारी डिचोलीहून गेलो तेव्हा खिशात फक्त मल्टिमीटर, दहा-बाराचे पाने आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा होता. अर्ध्या तासात गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली. बिघाड ना बॅटरीत होता ना मोटरमध्ये. तो होता अर्थिंगच्या वायरीचं थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी, जिथे इंजिनाला बोल्टने आवळलेलं असतं, त्या रुपयाएवढ्या जागेत.

म्हणून हा लेख. जुन्या गाडीचा सेल्फ बंद पडला की आपण अंदाजाने सुटे भाग बदलत जातो. बॅटरी, मग रिले (बटणाच्या हुकमावर मोटरला करंट जोडणारा स्विच), मग मोटर. पैसे जातात आणि खोट तशीच राहते. गोव्यात तर हे जास्तच होतं, कारण इथे भाग झिजून जाण्याआधी जोड सडतात. किनाऱ्यावर खारा वारा, आत सत्तरी-डिचोलीकडे लाल माती, आणि वर चार महिने पाऊस. तांब्याच्या भांड्याला चढतो तसा कळंक वायरींच्या तोंडाशी चढतो आणि करंट तिथेच अडतो. तेव्हा बॅटरीपासून मोटरपर्यंत करंट कोणत्या वाटेने जातो ते समजून घ्यायचं आणि त्या वाटेवर एकेक ठिकाण तपासत जायचं. हे काम कोणालाही जमण्यासारखं आहे.

वाट अशी. खरं तर वाटा दोन आहेत. एक जाड वाट: बॅटरीच्या प्लसमधून जाड वायर रिलेपर्यंत, रिलेमधून जाड वायर मोटरपर्यंत, मोटरच्या अंगातून इंजिनात आणि इंजिनाच्या अर्थिंगमधून परत बॅटरीच्या मायनसला. या वाटेने लहान गाडीतही चाळीस-पन्नास अँपिअर धावतात, मोठ्या इंजिनात त्याहून जास्त. दुसरी बारीक वाट: फ्यूज, चावीचा स्विच, लाल किल स्विच (इंजिन बंद करणारा), क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच, सेल्फचं बटण आणि शेवटी रिलेची कॉइल. हिचं काम फक्त रिलेला "जोड" असा हुकूम देण्याचं. बटणातून मोटरचा करंट जात नाही. एवढं डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ मिटतो.

आवाज काय सांगतो

आमच्या गावात एक जुने फिटर होते. कोणी गाडी ढकलत आणली की ते आधी हात पुसत आणि म्हणत, "पयलीं आयक, मागीर उगड." आधी ऐक, मग उघड. बटण दाबून दोन सेकंद नुसतं ऐकायचं.

काहीच आवाज नाही, रिलेची टकटकही नाही: खोट बारीक वाटेत आहे, किंवा बॅटरी पार मेलेली आहे. हॉर्न आणि इंडिकेटर लावून बघा. ते नेहमीसारखे चालत असतील तर बॅटरी बाजूला ठेवा आणि बटण, क्लच स्विच, किल स्विच यांच्याकडे वळा. तेही बंद असतील तर मुख्य फ्यूज किंवा बॅटरीचं टर्मिनल.

एकच घट्ट "टक्" आणि पुढे शांतता: रिलेला हुकूम पोचला, त्याने उडीही मारली, पण मोटर फिरली नाही. जाड वाट तपासा. रिलेचे आतले काँटॅक्ट, जाड वायरींचे जोड, मोटरचे कार्बन ब्रश (तिच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे).

"टकटकटकटक" अशी घाई: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. रिले जोडला जातो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा जोडला जातो. ही साखळी सेकंदाला कितीतरी वेळा चालते.

मोटर कण्हत, जड फिरते: बॅटरी अशक्त, जोडात गंज, ब्रश झिजलेले, किंवा इंजिनच जड.

मोटर "ऊंऽऽ" करून मोकळी फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही: वन-वे क्लच, म्हणजे मोटरचा जोर इंजिनाला देणारा भाग. इथे बॅटरी-रिलेला हात लावण्यात अर्थ नाही.

आणि इंजिन छान जोरात फिरतं पण पेटत नाही, तर सेल्फ निर्दोष आहे. प्लग, पेट्रोल, चोक यांचा तो विषय वेगळा. एक अपवाद लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची इग्निशन बॅटरीवर चालते. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं तर इंजिन फिरतं पण प्लगला ठिणगी मिळत नाही. अशा गाडीची बॅटरी पूर्ण मेली तर किक मारून किंवा ढकलूनही ती सुरू होत नाही. तेव्हा दमेपर्यंत किका मारत बसू नका.

हात घालण्याआधी

गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. हातातली अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढा. बॅटरीच्या प्लसला लागलेला पाना फ्रेमला टेकला तर तो लाल होईपर्यंत तापू शकतो आणि बोटात अंगठी असेल तर काय होईल ते सांगायला नको. बॅटरी सोडताना आधी मायनस काढायची, जोडताना मायनस शेवटी. पेट्रोल गळत असेल तर ते आधी थांबवा, कारण या कामात ठिणग्या पडतात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून विडी-सिगारेट लांब. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि दोन वेळांत पंधरा-वीस सेकंद जाऊ द्या. मोटर आतून तापते, ते बाहेरून कळत नाही.

साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, म्हापशात, फोंड्यात, मडगावात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात. तो घ्याच. टेस्ट लॅम्पवर करंट आला की नाही एवढंच कळतं, किती गळला ते कळत नाही. आणि जुन्या गाडीत प्रश्न बहुतेक वेळा गळतीचाच असतो.

पहिली फेरी, दोन मिनिटांची

किल स्विच "रन"वर आहे का? हसू नका. पावसात प्लास्टिकखाली गाडी झाकताना तो स्विच ढकलला जातो आणि माणूस तासभर घाम गाळतो. न्यूट्रलचा दिवा लागतोय का? क्लच पूर्ण दाबून बघा. बाजूचा स्टँड खाली असल्यास काही गाड्या सेल्फ घेत नाहीत. मग सीट किंवा बाजूचं कव्हर काढून फ्यूज बघा. तो नुसता डोळ्यांनी बघू नका, काढून त्याच्या दोन्ही पायांवरची हिरवट-पांढरी पूड खरवडा. तार शाबूत पण पाय गंजलेले, असा फ्यूज मी अनेकदा पाहिला आहे. बदलायचा तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली तर पुढे वायरिंग जळेल.

बॅटरी

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी किमान दोन-तीन तास बंद असू द्या. मीटरच्या सुया थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.० च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी, आधी चार्जिंग.

नुसत्या या आकड्यावर विसंबू नका. उभ्या गाडीत १२.६ दाखवणारी म्हातारी बॅटरी बटण दाबताच सातवर येते. म्हणून दुसरं माप सेल्फ मारताना घ्या. आकडा दहाच्या वर टिकला तर बॅटरी ठीक. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी अशक्त आहे, किंवा इंजिन नको तितका भार टाकतंय. भरलेल्या बॅटरीची ही गत असेल तर ती संपली.

पाण्याची बॅटरी असेल तर पातळी बघा, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं गोड पाणीही नको, त्यातले क्षार प्लेटांना मारतात. सीलबंद बॅटरी उघडायचीच नाही. चार्जिंगचा सोपा हिशेब: बॅटरीच्या क्षमतेचा दहावा भाग. ९ एएचच्या (अँपिअर-अवरच्या) बॅटरीला ०.९ अँपिअर, म्हणजे रात्रभराचं काम. घाईने मोठ्या चार्जरवर लावलेली लहान बॅटरी आतून उकळते.

जोड: इथेच खरा शोध आहे

मेव्हण्याच्या गाडीकडे परत येऊ. बॅटरी नवी होती, उभी असताना १२.७. सेल्फ मारताना ११.६. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती, पण मोटर घेत नव्हती, किंवा तिला मिळत नव्हतं. मोटरच्या बोल्टवर आणि मोटरच्या अंगावर सुया टेकवून पुन्हा बटण दाबलं: ८.६. तीन व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते.

कुठे सांडतात ते शोधण्याच्या पद्धतीला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही एक तपासणी शिकून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. वायर नुसती सोडून कंटिन्युइटीची शिट्टी वाजवली तर गंजलेली वायरसुद्धा पास होते, कारण मीटरचा करंट नखाएवढा असतो. पन्नास अँपिअर धावताना ती काय करते ते धावतानाच मोजावं लागतं.

इंजिन मध्येच पेटू नये म्हणून प्लगची टोपी काढून तिच्यात एक जुना प्लग बसवा आणि तो प्लग इंजिनाच्या धातूला नीट टेकलेला ठेवा. टोपी तशीच मोकळी सोडून सेल्फ मारू नका, इग्निशनच्या युनिटला ते सोसत नाही. प्लग पेट्रोलच्या पाइपपासून लांब हवा.

आता मायनसची बाजू. एक सुई बॅटरीच्या मायनस खांबावर. खांबावर म्हणजे खांबावरच, त्याला आवळलेल्या टर्मिनलवर नाही. दुसरी सुई मोटरच्या अंगावर, रंग खरवडलेल्या ठिकाणी. बटण दोन-तीन सेकंद दाबा. स्वस्तातल्या मीटरला आकडा स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. ०.२ पर्यंत ठीक. त्याच्या वर काहीही असेल तर या टप्प्यात गंज आहे.

मेव्हण्याच्या गाडीत २.७ आला.

मग सुई सरकवत आणायची. बॅटरीचा खांब ते टर्मिनल: ०.०३. टर्मिनल ते वायरीच्या दुसऱ्या टोकाचं थिंबल: ०.०६. थिंबल ते इंजिनाचा धातू: २.६. सापडलं! वायर चांगली, थिंबल चांगलं, पण थिंबल आणि इंजिन यांच्या मध्ये पांढऱ्या पुडीचा पातळ थर. बाहेरून बोल्ट अगदी घट्ट आणि स्वच्छ दिसत होता. कोणीतरी इंजिन रंगवताना त्या बोल्टखालीही रंग मारलेला, वर मांद्र्याचा समुद्र. लागोपाठ चार-पाच वेळा सेल्फ मारून त्या जागी बोट लावलं तर ती चांगलीच गरम लागत होती. मीटर नसेल तेव्हा हीच युक्ती वापरा: चार वेळा सेल्फ मारा आणि प्रत्येक जोड चाचपा. जो जोड तापला तो चोर.

बोल्ट काढला, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत केले, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. पुन्हा मोजलं: ०.०८. सेल्फने असा काही झटका दिला की मेव्हण्याची आई आतून बघायला आली.

प्लसची बाजू तशीच: एक सुई बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी मोटरच्या बोल्टवर. इथे एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. बटण न दाबता मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल. ते बरोबर आहे, रिले उघडा आहे म्हणून. बटण दाबल्यावरचाच आकडा बघायचा. तो ०.५ च्या खाली यायला हवा, चांगल्या गाडीत ०.३ च्या आसपास असतो. "टक्" होऊनही तो १२ च्या जवळच अडून राहिला तर रिलेचे आतले काँटॅक्ट जुळतच नाहीत. एक-दोन व्होल्टवर थांबला तर रिलेच्या दोन जाड बोल्टांवर सुया ठेवून फक्त रिलेचा ड्रॉप काढा. तिथे ०.२ पेक्षा जास्त म्हणजे काँटॅक्ट जळालेले, रिले बदला.

एक सूचना जपून वाचा: हे सगळं व्होल्टच्या जागेवर करायचं. मीटर अँपिअरवर ठेवून मोटरचा करंट त्यातून कधीही नेऊ नका. त्याची झेप दहा अँपिअरची, मोटर मागणार पन्नास.

वायरीच्या टोकाशी प्लास्टिक फुगलेलं किंवा कडक झालेलं असेल तर तिथे अर्धा इंच सोलून बघा. आत तांबं लालसर असेल तर ठीक. काळं किंवा हिरवं असेल तर कळंक आत चढत गेला आहे, नुसतं टोक घासून भागणार नाही. तेवढ्याच जाडीची नवी वायर घ्या, थिंबल दाबून बसवून घ्या. तारा बोटाने पिळून बोल्टखाली दाबू नका, एक पावसाळाही जाणार नाही.

बारीक वाट: बटण, क्लच स्विच, रिलेची कॉइल

टक्सुद्धा होत नसेल तर रिलेकडे या. दोन जाड बोल्ट आणि दोन बारीक वायरी, अशी त्याची ओळख. काही गाड्यांत बटण कॉइलला प्लस देतं, काहींत अर्थ देतं. म्हणून कुठली वायर कसली याच्या वादात न पडता मीटरच्या दोन सुया त्या दोन बारीक वायरींवर ठेवा आणि बटण दाबा. जवळजवळ बॅटरीइतकं व्होल्टेज आलं आणि तरी टक् नाही, तर रिले गेला. त्या दोन वायरी सोडून कॉइलचा ओहम मोजा, बहुतेक रिलेंत तो तीन ते पाचच्या आसपास असतो. मीटरने "१" किंवा "ओएल" दाखवलं तर कॉइल तुटली आहे.

शून्य आलं तर वाट कुठेतरी तुटली आहे. आठ-नऊ व्होल्ट आले तर स्विचचे काँटॅक्ट काळे पडलेत. जुन्या गाडीत हे दुसरं फार होतं. सकाळी सेल्फ लागतो, दुपारी लागत नाही, बटण चारदा दाबलं की एकदा लागतो, ही त्याची खूण.

पहिला संशय क्लच लिव्हरखालच्या छोट्या स्विचवर घ्या. त्याची टोकदार प्लास्टिकची जीभ अडकते किंवा मोडते. दोन वायरी काढून एका तुकड्याने जोडा आणि बघा. सेल्फ लागला तर स्विच बदला. तो तुकडा कायमचा ठेवू नका. गिअरमध्ये बटण दाबलं तर गाडी पुढे उडी मारते, आणि घरात मुलं असतात.

मग बटण. हँडलवरचा डबा दोन स्क्रू काढून उघडायचा, पण एक पारदर्शक पिशवी भोवती घेऊन. आत तांदळाच्या दाण्यासारखी बारीक स्प्रिंग आणि पितळेची चकती असते, आणि ती अंगणात उडाली की मातीत सापडत नाही. चकतीवर काळी साय दिसेल. काँटॅक्ट क्लीनर मारून ती खोडरबराने घासा, चकाकली की पुरे. आमच्या डिचोलीकडे आत लाल धुळीचा गाळही सापडतो, पावसाचं पाणी केबलच्या वाटेने उतरतं आणि धूळ तिथे बसवून जातं. बंद करण्याआधी केबल जिथून आत येते तिथलं रबर जागेवर आहे का बघा.

रिले ओलांडून बघणे

एवढं करूनही मोटर गप्प असेल तर ती स्वतः जिवंत आहे का ते विचारायचं. न्यूट्रल पुन्हा एकदा तपासा. चावी बंद. लाकडी किंवा प्लास्टिक मुठीचा जाड, जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि रिलेच्या दोन जाड बोल्टांवर आडवा, ठामपणे टेकवा. ठिणगी पडेल, दचकू नका आणि पातं फ्रेमला लागू देऊ नका. मोटर जोरात फिरली तर खोट रिले किंवा बारीक वाटेत आहे. फिरली नाही आणि वर मोजलेले ड्रॉप ठीक असतील, तर मोटर उतरवायची वेळ आली.

मोटर उघडताना

बॅटरीची मायनस सोडा. मोटरवरची जाड वायर काढा, दोन बोल्ट काढा, मोटर हलवत हलवत बाहेर घ्या. तिच्या नाकावर रबरी ओ-रिंग असते, ती नवीच घाला.

बाकावर उघडण्याआधी दोन्ही टोकांच्या झाकणांवर आणि मधल्या नळीवर खिळ्याने एकेक सलग रेघ ओढा. जोडताना त्या रेघा जुळल्या पाहिजेत. दोन लांब स्क्रू काढा आणि शाफ्टवरचे पातळ वॉशर कोणत्या बाजूला किती होते याचा फोटो काढून ठेवा. ते मागेपुढे झाले तर मोटर अडकते किंवा ब्रश नीट बसत नाहीत.

आत पहिल्यांदा काळी पूड दिसेल. ती ब्रशची झीज, पुसून टाका. ब्रशची लांबी बघा. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते. नसेल तर नव्या ब्रशशेजारी धरा, निम्म्यावर आला असेल तर जोडी बदला. ब्रश खोबणीत सहज सरकतो का, त्याची स्प्रिंग दम धरून आहे का, हेही बघा. अडकलेला ब्रश लांब असूनही उपयोगाचा नाही. त्यानंतर कम्युटेटर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं ते गोल. फिकट तपकिरी रंग चांगला. काळे, खड्डे पडलेले डाग असतील तर चारशे-सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून हलके फिरवा. पट्ट्यांमधल्या खाचा तांब्यापेक्षा किंचित खोल हव्यात. तिथे कार्बन भरला असेल तर हॅक्सॉ ब्लेडच्या तुटक्या टोकाने काढा. मीटरने दोन तपासण्या करा: कुठल्याही दोन पट्ट्यांत कंटिन्युइटी यायला हवी, पट्टी आणि शाफ्ट यांत ती अजिबात नको. आली तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता गाभा, शॉर्ट आहे.

आत ऑइल असेल तर सील गेलं. गंजाचं पाणी असेल तर झाकणाचं रबर गेलं. आतल्या बाजूला चिकटवलेले चुंबक हाताने चाचपा. गंजाने सुटलेला चुंबक आर्मेचरला धरून ठेवतो आणि मोटर कण्हत राहते. बुशमध्ये शाफ्ट खुळखुळत असेल तर नवा बुश. मागच्या बुशला ग्रीजचा अगदी छोटा ठिपका पुरे, जास्त घातलंत तर ते उडून ब्रशवर बसतं.

जोडल्यावर, गाडीत बसवण्याआधी, मोटर पायाखाली घट्ट धरून जंपर वायरीने बॅटरीला लावा. झटका देऊन ती जोरात फिरली पाहिजे. दोन-तीन सेकंद बस. बसवताना इंजिनाला टेकणारा मोटरचा भाग आणि बोल्टांच्या जागा घासून घ्या, मोटरची अर्थिंग तिथूनच जाते.

मोटर फिरते, इंजिन नाही

वन-वे क्लचमध्ये छोटे रोलर असतात. मोटर फिरते तेव्हा ते अडकून इंजिन ओढतात, इंजिन सुरू झालं की सुटतात. ते झिजले किंवा त्यांच्या स्प्रिंगा बसल्या की आधी अधूनमधून घसरतात, "खर्र" असा आवाज येतो, पुढे पुढे रोज. बऱ्याच गाड्यांत तो मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या फिरत्या चाकाच्या) मागे असतो, तिथे पोचायला मॅग्नेट पुलर लागतो, म्हणून हे काम गॅरेजवर सोपवा. मॅग्नेटला हातोडी मारणाऱ्याकडे मात्र देऊ नका. त्याआधी ऑइल बदलून बघण्यासारखं आहे. कारचं ऑइल घातलं असेल तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे हा क्लच घसरू शकतो. डब्यावर "जासो एमए" लिहिलेलं, मोटरसायकलचंच ऑइल घाला.

इंजिन जड असेल तर

किक असेल तर ती हाताने दाबून बघा. नेहमीपेक्षा जड किंवा अडलेली वाटली तर सेल्फ मारू नका. जुन्या कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई गळत असेल आणि पेट्रोल कॉक उघडा राहिला असेल, तर रात्रभरात पेट्रोल सिलिंडरमध्ये भरतं. द्रव दाबला जात नाही. त्यावर मोटरने जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर प्लग काढून सिलिंडर रिकामा करा, सुई दुरुस्त करा, ऑइल बदला.

सुरू झाली, पण चार दिवसांनी पुन्हा तेच

मग बॅटरी भरतच नाही, किंवा उभ्या गाडीत गळते. इंजिन चालू करून मधल्या रेसवर बॅटरीवर मोजा: १३.५ ते १४.५ हवेत. बारा-साडेबारावरून हलत नसेल तर मॅग्नेटकडून रेग्युलेटरला (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या भागाला) येणारा कनेक्टर आधी उघडा, तो जळून तपकिरी झालेला असतो. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला आणि तो बॅटरीही नेणार.

गळतीसाठी चावी बंद करून मायनस टर्मिनल सोडा आणि मीटर अँपिअरवर ठेवून टर्मिनल व खांब यांच्यामध्ये लावा. जुन्या साध्या गाडीत एक-दोन मिलीअँपिअरच्या वर काही दिसू नये. दिसलं तर आधी बाहेरून लावलेले चोर-अलार्म, मोबाइल चार्जर, जादा दिवे काढा. मीटर असा लावलेला असताना चावी किंवा बटणाला हात नको.

आणि एक कारण असं की त्यात बिघाड काहीच नसतो. घर ते बाजार दोन किलोमीटर, दिवसात दहा वेळा सेल्फ, हेडलाइट चालू. एवढ्या फेऱ्यांत खर्च झालेला करंट भरून निघत नाही. पणजीच्या स्टँडवरचे पिवळ्या मडगार्डचे एक पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, मला म्हणाले होते की दिवसातला पहिला स्टार्ट ते किकनेच मारतात, सेल्फ नंतर. थंड इंजिन आणि घट्ट ऑइल हाच सेल्फवरचा सगळ्यात मोठा भार असतो, त्यामुळे ज्यांच्या गाडीला किक आहे त्यांनी ती सवय उचलावी.

मे महिन्यात करायची कामं

पाऊस यायच्या आधी एक सकाळ द्या. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं, इंजिनाची अर्थिंग, रिलेचे दोन जाड बोल्ट, मोटरचा बोल्ट: हे सहा जोड सोडा, घासा, आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. जेली जोडाच्या आत भरायची नाही, धातू धातूला लागल्यावर बाहेरून. फेरीबोटीने रोज ये-जा करणाऱ्यांनी आणि मोरजी-मांद्रे-हरमलच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हेच काम दिवाळीच्या सुमारास पुन्हा करावं. गाडी धुताना प्रेशरचं पाणी मोटरवर आणि हँडलच्या स्विचवर मारू देऊ नका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची मायनस सोडून ठेवा.

काम झालं की चार आकडे मोजून ठेवा: उभ्या गाडीचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं, मायनसचा ड्रॉप, प्लसचा ड्रॉप. मेव्हण्याच्या गाडीत मी ते तारखेसह सीटच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून ठेवले आहेत. १२.७, १०.६, ०.०८, ०.३. पुढच्या वेळी त्याचा फोन आला की आधी तेच विचारणार: सीट उचल, काय लिहिलंय आणि आज मीटर काय दाखवतोय?